आत कुणाचा हात नाही ना

पाटली ठोकायला घेतली की अजूनही माझा हात थबकतो.

दागिने घडवायला नुकतीच शिकत होते. एक बाई त्यांच्या वारलेल्या आईची पाटली घेऊन आल्या. तिचा सांधा उकलला होता, तेवढाच जोडायचा होता. मी जोडला. पण पाटली एका अंगाने चपटी दिसली, म्हणून लाकडी दांड्यावर चढवून, हलकेच ठोकून तिला छान गोलही केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी ती मनगटात घातली, फिरवली, काढली.

"ही आमच्या आईची नाही हो."

"तीच आहे, ताई," म्हणता म्हणता मला कळलं.

त्या गेल्यावर मला शिकवणारे काका एवढंच म्हणाले, "अगं, चाळीस वर्षं भाकऱ्या थापताना त्यांच्या आईच्या हातानेच तिला तसं वाकवलं होतं."

दागिन्याने अंग सजतं, एवढंच मला ठाऊक होतं. अंगही दागिन्याला घडवतं, हे त्या दिवशी कळलं. त्या आईचं मनगट चितेत जळूनही सोन्यात उरलं होतं. ते मी पुसलं.

आता कुठलीही जुनी पाटली दांड्यावर चढवण्याआधी मी तिच्या आतून बोट फिरवते. आत कुणाचा हात नाही ना, ते बघते. बहुतेक वेळा असतो.