सतरा तारखेचा तिसरा माणूस

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे चित्रगुप्त म्हणायचे, आणि वरवर तो कितीही चिडला तरी मनातून त्याला ते आवडायचं. काम होतंच तसं. चौथ्या पानावर, शब्दकोड्याला खेटून, अकरा ओळींचं ‘दिनविशेष’ यायचं. आजच्या तारखेला कोण जन्मलं ते वर, कोण गेलं ते खाली. त्यासाठी बुटांच्या दोन खोक्यांत त्याने तीनशे सहासष्ट कार्डं लावून ठेवली होती, दर तारखेला एक. पुढे कॉम्प्युटर आला, तरी त्याने खोकी हलू दिली नाहीत. एखादी तारीख अगदी ओस असायची, चारशे वर्षांत त्या दिवशी कोणी मरायला तयार नाही. आणि एखाद्या तारखेला अशी झुंबड की कोणाला घ्यावं आणि कोणाला गाळावं. बारावी ओळ घातली की खालची टूथपेस्टची जाहिरात कापली जायची. जाहिरातीपुढे जिवंत माणसांचं काही चालत नाही, तिथे मेलेल्यांना कोण विचारतो?

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं लाजेचं आहे.

नोकरीला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. साहेबांनी तोवर एकदाही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्या महिन्याच्या सतरा तारखेच्या कार्डावर दोन नावं होती. एक मोठा चित्रकार, ज्याची चित्रं शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांनी पाहिलेली, आणि एक गायिका, जिचा आवाज घराघरांत. दोघं वेगवेगळ्या साली गेली, तारीख मात्र एकच. आणि तीन दिवस अलीकडे, चौदा तारखेच्या कार्डावर, दोन लढाया, एक तह, एक भूकंप आणि एक पंतप्रधान यांच्या खाली आपल्याच शहरातला एक व्हायोलिनवाला बसला होता. आदल्या वर्षी दौऱ्यावर असताना परगावच्या हॉटेलात गेला होता बिचारा. हात गोड होता, पण नाव फार मोठं नव्हतं. चौदाच्या त्या गर्दीत त्याचा नंबर लागणं शक्यच नव्हतं. मग आमच्या चित्रगुप्ताने काय केलं, तर एका खोलीतली खुर्ची दुसऱ्या खोलीत न्यावी तसा तो माणूस उचलून तीन दिवस पुढे नेऊन ठेवला. ‘तीन कलावंत, एक तारीख’ असं शीर्षक दिलं आणि चौकट करून छापलं. मृत्यूची बातमी त्या वेळी पेपरात उशिरा, सतरालाच आली होती, त्यामुळे कोणाला शंका येण्याचं कारणही नव्हतं. साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाठीवर थाप मारली. मेलेला माणूस काही तक्रार करायला येत नाही, असं म्हणून तो घरी जाऊन पोटभर जेवला.

मेलेला आला नाहीच. पण चौकट लोकांना इतकी आवडली की पुढच्या वर्षी चार हौशी मंडळींनी समिती काढली. दर वर्षी त्या सतरा तारखेला सभागृहात कार्यक्रम सुरू झाला. बाहेरच्या जागेत चित्रं, आत आधी गाणं, मग व्हायोलिन. व्हायोलिनवाल्याची बायको पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. हा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. चोराच्या मनात चांदणं. चहा यायच्या आत तो निघून जायचा. पहिली दोन-चार वर्षं रात्री अंथरुणावर पडलं की तो विषय छातीवर येऊन बसायचा. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, आणि लाजेची तर फार लवकर होते.

अशी बत्तीस वर्षं गेली. निवृत्तीला महिना उरला आणि समितीच्या चिटणिसांचा फोन आला. चिटणीस दातांचे डॉक्टर, बोलायला मोठे मोकळे. या वर्षी सतराला तुमचा सत्कार करायचं ठरलंय म्हणाले. तुम्हीच तर आम्हाला ही तारीख दिलीत. गुच्छ व्हायोलिनवाल्यांच्या पत्नी देतील, तुम्ही दहा मिनिटं त्या तिघांवर बोला. हा ‘हो, हो, आनंदाने’ म्हणाला आणि फोन ठेवला, तेव्हा कॉलर घामाने ओली झालेली होती.

घरी बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिला त्याने सगळं सांगितलं, बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. आधी ती हसली. मग हसता हसता थांबली आणि तोंडातल्या टाचण्या काढून मशीनवर ठेवल्या.

“म्हणजे त्या बाईंना तुम्ही दर वर्षी भलत्याच दिवशी समोर बसवलंत?”

त्याने मान खाली घातली. म्हणाला, स्टेजवरच सांगून टाकतो आता, सगळ्यांसमोर. होऊ दे काय व्हायचं ते. बायको त्याला चांगली ओळखून होती. म्हणाली, स्टेजवर सांगाल, लोक म्हणतील केवढा प्रामाणिक माणूस, टाळ्या पडतील, आणि ती बाई गुच्छ धरून उभी राहील. ते काही नाही. आधी तिच्या दारात जा. जनाची नाही तर मनाची तरी ठेवा.

आज जातो, उद्या जातो करत त्याने पंधरा दिवस काढले. शेवटी चौदा तारीख उजाडली आणि पळवाट उरली नाही. दुपारी तो निघाला. खरी तारीख आजची; बाई आज एकट्याच डोळे पुसत बसल्या असतील, असं त्याला वाटत होतं. तीन जिने चढेपर्यंत त्याने चार वाक्यं पाठ केली आणि चारही विसरला.

बाईंनी दार उघडलं ते ओल्या हातांनी. सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. गच्चीत गाद्या उन्हात घातल्या होत्या, बादलीत पडदे भिजत होते, रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. दुःखाचं नाव नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. बाईंनी त्याला ओळखलं. अरे वा, सतराची उत्सवमूर्ती आज इकडे कशी, म्हणत खुर्ची पुढे केली.

त्याने सांगितलं. कार्ड, चौकट, साहेबांची थाप, सगळं. बोलताना बाईंच्या तोंडाकडे पाहायचा धीर झाला नाही, म्हणून बादलीतल्या पडद्यांकडे पाहत बोलला. बोलून झाल्यावर बाईंनी हात पदराला पुसले, रेडिओ बंद केला, आत गेल्या आणि एक फाइल घेऊन आल्या. तिच्यातून एक कागद काढून त्याच्यापुढे धरला.

“ही सही तुमचीच ना?”

वर्तमानपत्राचा छापील कागद होता. दोन वर्षांपूर्वीची तारीख. ‘आपल्या पत्रावरून आमची नोंद पुन्हा तपासून पाहिली. कै. वडिलांच्या मृत्यूची सतरा ही तारीखच बरोबर आहे. कळावे.’ खाली त्याची सही, वळणदार, शेपटीसकट. असली पत्रं आठवड्याला चार यायची आणि तो चहा पिता पिता उत्तरं लिहायचा. हेही तसंच लिहिलं असणार. पत्र कोणाचं होतं, का विचारलं होतं, काही म्हणजे काही आठवेना. एवढं मात्र आठवलं की त्याने काही तपासलं नव्हतं. तपासायची गरजच नव्हती, त्याला पक्कं ठाऊक होतं. पायाखालची जमीन फाटावी आणि आपण आत जावं असं म्हणतात ना, ते त्याला त्या खुर्चीवर पहिल्यांदा समजलं.

पत्र मुलीचं होतं. बाई खुर्चीवर बसून सांगायला लागल्या, अगदी शांतपणे. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची. तिला मावशीकडे ठेवलं होतं, आणि तीन दिवस कोणी तिला काही बोललंच नाही. तिला कळलं सतराला. त्यामुळे तिच्या डोक्यात सतरा. त्यात पेपरही दर वर्षी सतरा म्हणणारा, आणि बाईही सतराच्या कार्यक्रमाला जाणाऱ्या; चार लोक आपल्या माणसाची आठवण काढतात, तिथे तारखेवरून काय भांडायचं. तिचं लग्न झालं, ती दूर गेली. दर वर्षी सतराला न चुकता फोन करायची, आणि बाई दर वेळी सांगायच्या, अगं, चौदाला गेले ते, हॉटेलच्या मॅनेजरचा फोन मीच घेतला होता, सव्वाचार वाजले होते. मृत्यूचा दाखला शोधावा तर तो पेन्शनच्या कचेरीत दिलेला, परत आलाच नाही. हॉटेलही कधीच पाडलं. आधी मुलगी हसण्यावारी न्यायची. मग वय वाढलं, एकदा गॅस चालू राहिला, एकदा किल्ली हरवली. किल्ल्या तर काय, तरणीताठी माणसंही हरवतात. पण मुलीला भीती वाटायला लागली. तिने पेपरला पत्र लिहिलं आणि आलेलं उत्तर आईला पाठवून दिलं.

“मग मला डॉक्टरांकडे नेलं,” बाई म्हणाल्या. “त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी काढलं, काट्यांसकट. शंभरातून सात सात वजा करायला लावले, तेही केले. मग विचारलं, यजमान कधी गेले? मी म्हटलं, चौदाला. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत मला दिसलं, माझी पोर माझ्या मागे उभी राहून डॉक्टरांकडे बघून मान हलवत होती. नाही म्हणून.”

पुढच्या महिन्यात मुलगी येणार होती. घर बंद करायचं, आणि बाईंना जिथे नर्सा असतात, फाटकाला आतून कुलूप असतं, अशा जागी ठेवायचं. पैसेही भरून झाले होते. मुलगी वाईट नाही हो, बाई म्हणाल्या, तिला माझी काळजी आहे म्हणूनच करतेय.

मी उद्याच दुरुस्ती छापतो, तो घाईघाईने म्हणाला. सतराला स्टेजवरून सांगतो, पाया पडून तुमची माफी मागतो.

“तुमची माफी घेऊन मी काय करू?” बाईंनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. “तिला सांगा. आत्ता. माझ्यासमोर.”

नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहिलेला होता, तोही मुलीनेच, आई विसरू नये म्हणून. त्याने लावला. पलीकडे ऑफिसचा गलबला ऐकू येत होता. आईचा नंबर आणि पुरुषाचा आवाज म्हटल्यावर मुलगी घाबरली, आईला काय झालं, पडली का? नाही, नाही, आई ठणठणीत आहेत, तो म्हणाला, मी वर्तमानपत्रातला, दिनविशेषवाला. मग ती उलट खूश झाली. सर, तुमचं उत्तर मिळालं होतं, वेळात वेळ काढून लिहिलंत, आभार मानायचे राहून गेले. त्याला वाटलं हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“त्याचंच सांगायचं होतं,” तो म्हणाला. “आमच्या नोंदीत जरा गफलत झालीय.”

बाई समोर बसून त्याच्याकडे पाहत होत्या. रागाने नाही. बँकेतला माणूस आपलं काम करतोय की नाही हे पाहावं तसं पाहत होत्या.

“गफलत नाही. मी मुद्दाम बदलली तारीख. चौकट चांगली दिसावी म्हणून. तुमचे वडील चौदालाच गेले. आई पहिल्यापासून बरोबर सांगतायत.”

“पण तुम्ही लिहिलं होतं, तपासून पाहिली म्हणून.”

“तपासली नव्हती. मला माहीत होतं.”

पलीकडचा गलबला तसाच चालू राहिला. साठीला आलेला माणूस, शहराच्या सगळ्या मेलेल्यांची नोंद ठेवणारा, फोन कानाला धरून शाळेतल्या पोरासारखा उभा होता. आपण खुर्चीवरून कधी उठलो हेही त्याला कळलं नव्हतं. मग मुलगी एवढंच म्हणाली, “आईला द्या.”

बाईंनी फोन घेतला. बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, अगं, रडतेस काय, ऑफिसात लोक बघतील. मग म्हणाल्या, हो, जेवले. हो, ये ना, पुढच्या महिन्यात ये, पण नुसती राहायला ये. मग फोन ठेवला आणि हात तसाच फोनवर ठेवून बसल्या.

तो जायला निघाला. दारात चपला घालताना त्याला राहवलं नाही. म्हणाला, आज चौदा, तुम्ही एकट्याच बसला असाल असं वाटलं होतं, म्हणून आजच आलो.

“छे, या वर्षी नाही,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षं सगळे समजावतायत. पोरगी, डॉक्टर, तुमचं ते पत्र. परवा मीच म्हटलं, एवढी माणसं म्हणतायत तर माझंच चुकत असेल. मॅनेजरचा फोनही मी मनानेच रचला असेल. या वर्षी मीसुद्धा सतराच धरली होती.”

त्याचा एक पाय चपलेत, एक बाहेर. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

“थांबा थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटं आहेत अजून.”

त्याने चप्पल काढली आणि आत येऊन बसला.