उसात पडलेलं विमान

विमान पडलं तेव्हा मी तीस माणसं घेऊन नेमका उलट्या दिशेला गेलो.

तेही चुकून नव्हे, विचार करून. हवाई दलात मी चौदा वर्षं काढली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती सगळी गोदामात बूट, बादल्या आणि पट्टे वाटण्यात गेली, हे मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावामागं, पश्चिमेच्या माळावर शिकाऊ वैमानिकांची धावपट्टी आहे. डोक्यावरून विमान गेलं की माणसं माझ्याकडं बघत, आणि मी मान वर न करताच सांगे, "उतरतंय."

त्या दुपारी अवकाळी लागला होता. ढग इतके खाली आले होते की समोरची पाण्याची टाकी दिसेना. ऊसतोड बंद, म्हणून सगळे देवळात बसलो होतो. ढगातून घरघर आली, फारच खाली आली आणि एकदम थांबली. पाठोपाठ काहीतरी मोडल्याचा आवाज. कुठून, ते कुणालाच कळेना.

"साहेब, कुटं पडलं?"

मी बोट ओलं करून वाऱ्यात धरलं. भर पावसात. "वारा पश्चिमेचा. विमान वाऱ्याकडं तोंड करून उतरतं. म्हणजे आलं पूर्वेकडनं, गेलं पश्चिमेला. चला कॅनॉलकडं!"

बिचारं धावपट्टीपर्यंत पोचलंच नसेल, अलीकडंच पडलं असेल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. वाटेनं मी सगळ्यांना वारा, पंख, धावपट्टी समजावत होतो. मोठ्यानं, कारण मागच्यांनाही कळायला हवं होतं.

कॅनॉलवर चार बगळे होते.

तिथं मी पुढचा अंदाज मांडत होतो, तेवढ्यात पूर्वेकडून लांबलचक हाळी आली. माझ्याच मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, त्या कळपाच्या मालकिणीची ती हाळी. जतकडची, पन्नाशीची बाई. नवरा बाजाराला गेलेला, ती एकटीच. धापा टाकत पोचलो, तर शेजारच्या उसात वाट पडलेली. पावसानं लोळून एकमेकांत गुंतलेला ऊस तिनं कुऱ्हाडीनं पन्नास पावलं तोडत नेला होता. टोकाला विमान एका कुशीवर पडलेलं. आत विशीतली एक मुलगी पट्ट्याला लोंबकळत होती. पेट्रोल थेंब थेंब गळत होतं.

"कुनी काडी वडू नगा," बाई म्हणाली. "आवं आबा, तुमी इमानातलं मानूस. ह्यो पट्टा सुटतोय का बगा."

मी बकल दाबलं. ओढलं. फिरवलं. मुलगी कळवळली. असले पट्टे मी शेकड्यानं दिले होते, पण घडी घातलेले.

बाईनं मला खांद्याला धरून बाजूला सारलं आणि पिशवीतून लोकर कातरायची कातर काढली.

"कापा, कापा!" मी म्हणालो.

"थांबा की वं! आत्ता कापला तर पोरगी मानंवर पडंल. आदी चौगं खालनं हात घाला. आनि एकानं नुसती मान धरायची, दुसरं कायबी न्हाई." मग आवाज उतरवून मुलीला म्हणाली, "झालं गं माजे बाय, झालंच."

तिनं पट्टा दोन दमात कातरला. मुलगी अलगद हातांवर आली. बाईनं स्वतःचं घोंगडं तिच्याभोवती गुंडाळलं, लांब बांधावर नेऊन ठेवायला लावलं, आणि मगच मटकन चिखलात बसली. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत ओरबाडले होते.

रुग्णवाहिका साताऱ्याकडं गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"मेंढरं आवाजाला पाठ करून पळत्यात. ती वरच्या अंगाला पळाली, म्हंजी आवाज खालनं. मग गप हुबी ऱ्हायले, तवा तिचं वरडनं आलं." एवढं सांगून ती पांगलेली मेंढरं गोळा करायला गेली. छातीवर पदकं लावलेली पुष्कळ माणसं मी जवळून पाहिली आहेत. इतक्या स्थिर हाताची त्यांत फार थोडी.

चार दिवसांनी संत्री घेऊन दवाखान्यात गेलो. खांद्याचं हाड मोडलेलं, पण मुलगी उशीला टेकून चहा पीत होती. उशीर झाल्याबद्दल काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"पाऊस फार होता, बाळ," मी म्हणालो. "तुझा आवाज आमच्यापर्यंत आलाच नाही."

"तुमचा मला येत होता, काका," ती म्हणाली. "वारा, पंख, धावपट्टी, सगळं. मी जीव तोडून ओरडत होते. जरा गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला?"