केकाचा पहिला मान

अगो, इकडे ये. अशी जवळ बस, उंबऱ्यावर उभी राहून पोस्टमनसारखी काय बोलतेस? काय म्हणालीस मघाशी, लेकीच्या वाढदिवसाला हॉल घेतलाय? फुगेवाला, जादूवाला, आणि जेवण बाहेरून? का गो, घराला काय वाळवी लागली तुझ्या? सोफा घेतलास, पडदे घेतलेस, नि पोर मोठी झाली हे सांगायला भाड्याची जागा? शहाणी गो माझी बाय.

रागावू नकोस. हॉलची हौस आमच्या घरात तुझ्याआधी एकाने करून घेतलीय. ज्याच्यासाठी केली, तो तुझा बाप. आज मोठा गंभीर चेहरा करून पेपर वाचतो ना, त्याच्याच पाचव्या वाढदिवसाची गोष्ट. त्याने तुला सांगितली नसणार. मी सांगते.

आधी हे ऐक, की वाढदिवस नावाचं प्रकरण आमच्या वेळी नव्हतंच. माझं माहेर पिंगुळीकडचं. आम्ही भावंडं इतकी, की कोण कधी जन्मलं ते आई शेतीच्या कामांवरून सांगायची. 'तू लावणीतली, हो काजी भाजताना झालो, ती धाकटी शिमग्यातली.' मुलग्यांच्या डोक्यावर त्या दिवशी निदान जास्तीचं तेल थापलं जायचं. मुलींचा वाढदिवस नि मांजरीचा वाढदिवस सारखाच. दोघी घरात आहेत, खाताहेत, एवढं पुरे.

लग्न होऊन मालवणाजवळच्या ह्या वाडीत आले तेव्हा बघितलं, की सासूबाईंची रीत वेगळी. त्या नातवंडांचे वाढदिवस करायच्या, तिथीने. सकाळी आंघोळ, पाटावर बसवून ओवाळणं आणि मग शिरवाळे. तुला ते हॉटेलातले ठाऊक, वाटीभर. घरचे शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले गरमगरम गोळे लाकडी साच्यात घालायचे आणि दाबून त्यांच्या शेवया पाडायच्या. वर नारळाचा गोड रस. तो साचा दाबायला दोन माणसं लागतात. एकाने जोर लावायचा आणि दुसऱ्याने त्याला शिव्या घालायच्या. आमच्याकडे जोर माझा असायचा. पण नियम एकच होता: साच्यातून पहिल्यांदा जे पडेल ते ज्याचा वाढदिवस त्याच्या पानात. त्याच्या आधी घरातल्या मोठ्या माणसालाही नाही.

तर, साठ सालानंतरचा मे महिना. तुझा धाकटा आजोबा, म्हणजे माझा दीर, मुंबईहून रजेवर आला. मुंबईत कचेरीत कारकून, पण गावात उतरला की चालायचा असा, की कचेरी त्याच्याच मालकीची. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणतो, "वैनी, ह्या वर्सा झिलाचो वाढदिवस घरात करूचो नाय."

"मगे खंय? आंब्यार चढान?"

"हॉलात! आमच्या सायबान आपल्या झिलाचो केल्यान. मोठो केक हाडतत, मेणबत्ते लावतत. आणि जेचो वाढदिवस आसता, तो पयलो तुकडो खाता. तवसर कोणी हात लावूचो नाय. सायब पण उभो रवता!"

तो झील, म्हणजे तुझा बाप, दाराआड उभा होता. झालं. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी एकच. कोंबड्यांना सांगून झालं, विहिरीवरच्या बायकांना सांगून झालं, कुत्र्याला तर समोर बसवून सांगितलं, "पयलो तुकडो माजो. सायब पण उभो रवता." रात्री झोपताना माझ्या पदराला धरून विचारायचा, "आये, पयलो तुकडो कोणाचो?" मी म्हणायचे, "तुझो रे बाबा." सासूबाईंना विचारलंन, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याचो! नीज आता."

हसू नकोस. पाच वर्षांच्या पोराला दुसरं काय हवं असतं? आंबे, फणस, खेळायला दर्या, सगळं होतंच. पण ज्याच्यासाठी साहेब उभा राहतो असं काही त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आता हॉल आणायचा कुठून? शाळेला सुटी आणि मास्तर किल्ली खिशात घालून आपल्या गावी गेलेले. बंदराकडे एक वखार रिकामी होती, पण तिच्यात पाऊसभर सुकी मासळी भरून ठेवायचे. केकाला बांगड्याचा वास सुटला असता. मग दिराच्या डोक्यात आलं, देवळाचा सभामंडप. ऐसपैस, वर कौलं, खाली गुळगुळीत जमीन. आमचे हे नेहमीसारखे म्हणाले, "बघूया." ह्यांचं 'बघूया' म्हणजे 'मला विचारू नका' असं असायचं. सासूबाई मात्र स्पष्ट म्हणाल्या, "माझो नातू माझ्या पाटार बसान मोठो जातलो. तुमी जावा केक घेवन देवळात. मिया येवचंय नाय."

देवळाचा मंडप हवा तर देवाला विचारायला हवं, आणि विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरवाने देवाच्या अंगावर पाकळ्या लावल्या, उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागला. आम्ही मागे उभी.

"बा देवा म्हाराजा! हो तुझो लेकरू मुंबैक चाकरी करता, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तेका तुझ्या मांडवात पुतण्याचो वाढदिवस करूचो आसा. थंय तो कसलोसो केक कापतलो. केक म्हणजे काय, ता माका धड म्हायत नाय. तुका म्हायत आसतला, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. उजवी नाही, डावी नाही. मे महिन्याचा दमट उकाडा, देवालासुद्धा घाम आला असेल, त्यात चिकटल्या. दीर एकसारखा घड्याळ बघतोय. शेवटी मागून एक म्हातारा म्हणाला, "वायच थांबा. देवाक केक समजाक वेळ लागतलो." आणि खरंच, सगळे हसले नि उजवीकडची पाकळी पडली.

दिराला वाटलं, हॉल मिळाला. गुरव म्हणाला, "आता गावाक सांगूक व्हया. देवान हुकूम दिल्यान म्हणजे काम देवाचा. तुझा न्हय."

इथे चुकला माझा दीर. त्याच गावात जन्मला, त्याच मांडवात लहानपणी जत्रेच्या रात्री झोपला, आणि मुंबईची चार वर्षं खाऊन साफ विसरला, की देवाच्या मांडवात कुणाचं खाजगी काही नसतं. तिथे नारळ फुटला तरी त्याची पहिली कवड, म्हणजे अर्धी वाटी, कोणाची हे आजा-पणजापासून ठरलेलं. वरच्या घरचा म्हातारा पहिला मानकरी, खालच्या घरचा दुसरा. आणि दुसऱ्याला आपण दुसरे का, हे तीन पिढ्यांत पटलेलं नव्हतं.

केक आला वेंगुर्ल्याच्या बेकरीतून, एसटीने, दिराच्या मांडीवर बसून. वरची गुलाबी फुलं वाटेतच वितळली होती. आम्ही वीसेक पोरं धरली होती, आणि मांडवात बघते तर सगळा गाव. बायका नवी लुगडी नेसून, बाप्ये टोप्या घालून. वरच्या घरचा म्हातारा पुढे सरकला, केकाला नाक लावलं. "ह्येच्यात अंडा आसा?"

"छे छे! नाय!" दीर म्हणाला. इतक्या घाईने म्हणाला, की मला कळलं, आहे.

मेणबत्त्या लावल्या, तर दर्यावरचा वारा मंडपात शिरून त्यांना टिकू देईना. तुझा बाप फुंकर मारायच्या आधीच पाचही विझल्या. म्हणजे वाढदिवस वाऱ्याचा झाला. तरी पोर शहाणं. त्याचं लक्ष सुरीवर. नवा सदरा, भांग पाडलेला, दोन्ही हात पुढे.

दिराने त्याच्या हातात सुरी दिली, तर गुरव म्हणाला, "थांब रे! पयलो देवाचो."

बरं, देवाचा. देवापुढे पानावर ठेवला एक तुकडा. पोराने मान हलवली, देव म्हणजे साहेबाहून मोठा, हे त्याला पटलं. परत सुरी उचलली.

"आता पयलो मान," गुरव म्हणाला आणि वरच्या घराकडे वळला.

खालच्या घरचा म्हातारा उठून उभा राहिला. "तेंका जत्रेचो पयलो मान. वाढदिवसाचो पयलो मान कोणाचो, ता खंय ठरला आसा?"

"मांडव तोच मगे मान तोच!"

"मांडव तोच, पण केक तो न्हय! केकाचो मान आजपासून सुरू जाता. तो आमचो!"

"तुझ्या आज्यान केक बगितल्लो?"

"तुझ्या आज्यान बगितल्लो?"

झालं सुरू. दीर मध्ये उभा राहून शुद्ध मराठीत सांगतोय, "अहो काका, हा मुलाचा वाढदिवस आहे!" कोण ऐकतो? मांडवात शुद्ध मराठी बोलणाऱ्याला आम्ही तलाठी समजतो. शेवटी गुरवानेच वाट काढली. त्याने दोन तुकडे कापले, दोन्ही हातांत दोन धरले, डोळे मिटले, आणि दोघा म्हाताऱ्यांच्या हातांवर एकदमच ठेवले. पहिला कोणाचा, ते देवालाही कळू नये असे. मग बाकीचा केक प्रसादासारखा वाटला. सुपारीएवढे तुकडे करून, म्हाताऱ्यांपासून सुरुवात करून. पोरांची पाळी शेवटी. तुझा बाप रांगेत हात पसरून उभा होता. गुरव त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा ताटात नुसता गुलाबी ओघळ उरला होता.

तो रडला नाही गो. रडला असता तर बरं झालं असतं. हात तसाच पसरलेला, मग हळूच सदऱ्याला पुसला आणि चालायला लागला. मी मागोमाग धावले. वाटेत एकदाच बोलला. "आये, सायब खंय उभो होतो?"

मी त्याला उचलून कडेवर घेतलं.

घरी आलो तर सासूबाईंनी चूल पेटवलेली, साचा मांडलेला, आणि पाटाभोवती रांगोळी. त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. पोराचं तोंड बघितलं आणि दिराकडे बघून म्हणाल्या, "शिरा पडो तुझ्या त्या हॉलार!" दीर खाली मान घालून साचा दाबायला बसला. त्या दिवशी जोर त्याचा आणि शिव्या सासूबाईंच्या. पोराला पाटावर बसवलं, पण ते काही हसेना. पान वाढायला घेतलं, एवढ्यात खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, खाकरणं ऐकू आलं.

वरच्या घरचा म्हातारा. हातात पंच्याची गाठ. गाठ सोडली, आत केळीच्या पानात केकाचा तुकडा. दबलेला, पण आख्खा.

"बाये," सासूबाईंना म्हणतो, "माका मान व्हयो होतो. तो माका गावलो. हो केक माका नको. माका अंड्याचो संशय आसा. पयलो तुकडो हो, तुझ्या नातवाक दी."

पोर पाटावरून टुणकन उठलं. तेवढ्यात मागून आवाज, "थांबा! थांबा!" खालच्या घरचा म्हातारा, धापा टाकत, टोपी तिरकी, हातात तसंच पान. "तेणा दिल्यान आणि मिया दिवचंय नाय? पयलो तुकडो हो आसा! ह्यो घे, झिला!"

"तुझो दुसरो!"

"एकदमच दिल्ल्यान गुरवान, सगळ्या गावान बगितला!"

दोघे खळ्यात एकमेकांसमोर, दोघांचे हात पोरापुढे. कोणाचा आधी घ्यायचा? मी डोळ्यांनी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "बघूया."

तुझ्या बापाने दोघांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग गुरवाने केलं तसंच, डोळे मिटून दोन्ही हातांनी दोन्ही तुकडे उचलले आणि दोन्ही एकदमच तोंडात कोंबले. एक ह्या गालात, एक त्या गालात. बोलता येईना, गिळता येईना, डोळ्यांतून पाणी. दोघे म्हातारे उभे राहून बघताहेत, दीर उभा, हे उभे, मी उभी. केवढा तरी वेळ सगळे नुसते उभे. शेवटी त्याने घास गिळला, आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, आणि काय त्याचं तोंड फुललं म्हणून सांगू! एकटा साहेब उभा राहिला असता तर कमीच पडला असता.

मग सासूबाई म्हणाल्या, "उभे काय ऱ्हवलास? बसा, शिरवाळे खावा." दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसले, कारण रिकामे पाट दोनच होते. जेवण्याआधी वरच्या घरच्याने हात जोडून पोरासाठी गाऱ्हाणं घातलं, आणि 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्याने खालच्या घरचा ओरडला. साच्यातलं पहिलं पोराच्या पानात. ते त्याने खाल्लंही, केकावर. रात्रभर पोट धरून बसला होता, ते सोड.

दिराने पुढे मुंबईत आपल्या मुलांचे वाढदिवस घरीच केले. विचारलं तर सांगायचा, हॉल मिळत नाही.

तर तू घे तुझा हॉल. पैसे भरलेस ना, मग फुकट का घालवायचे? जादूवालाही बघू दे पोरीला. पण हॉलात तुझ्या लेकीला पहिला तुकडा मिळेल ह्याची काळजी घे बाई, नाहीतर फोटोवाल्याला मिळायचा. आणि तिथी माझ्या लक्षात आहे, ती तारखेच्या दोन दिवस पुढे पडतेय. साचा अजून आहे, मीही आहे, फक्त जोर लावायला माणूस हवं. बापाला बरोबर आण, इथे त्याला कोणी गंभीर समजत नाही. खळ्यासाठी कौल लावावा लागत नाही गो, मी 'हो' म्हटलं की झालं. मग कधी येतेस? लवकर ये.