करवती काठाचा प्रश्न

मी कॉलेजात गेले तेव्हा नागपूर अजून राजधानीचं शहर होतं. आमच्या विणकरांच्या वस्तीतून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली मुलगी. इतवारी मागे टाकून, रेल्वेचा पूल ओलांडून सीताबर्डीपर्यंत पायी जायची. वाटेत पदराला सुताचे तंतू चिकटलेले दिसले की एकेक काढून टाकायची. पुलाच्या पलीकडे एकही जाऊ द्यायचा नाही, असा माझा नेमच होता. वर्गात मी सांगितलं होतं, वडिलांचा कापडाचा धंदा आहे. ते खोटं नव्हतं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दुकान यावं, अशाच बेतानं सांगितलेलं होतं.

कॉलेजात आमच्या सरांनी इतिहास मंडळ काढलं होतं. शनिवारी तास संपले की आम्ही पंधरा-वीस जण जमायचो आणि एकमेकांना प्रश्न घालायचो. वाकाटकांची राजधानी कुठं होती, गोंड राजानं किती खेडी जोडून नागपूर वसवलं, अशोकाचे लेख कोणत्या लिपीत आहेत. युग कोणतंही चालायचं. अट एकच, उत्तराला आधार हवा. सरांच्या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे ‘आधार’ असा रकाना होता आणि त्यात पुस्तकाचं नाव आणि पान असल्याशिवाय प्रश्न धरला जात नसे.

वर्षाच्या शेवटी मंडळाची स्पर्धा ठेवली. तीन-तीन जणांचे दोन संघ. मी घरी तयारी करायची ती मोठ्यानं वाचून. आई धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची, बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले असायचे आणि मी प्रश्न विचारायची. बारा खेड्यांचा प्रश्न बाबांना फार आवडला. हात थांबवून ते म्हणायचे, “बारा! आन् आपली वस्ती त्यात होती का नव्हती, ते नाही लिवलं?” एक दिवस जरा चाचरत त्यांनी विचारलं, “मी येऊ का वं ऐकायले?”

मी वहीचं पान उलटलं. मग म्हणाले, “या ना.”

ते धुतलेलं धोतर आणि काळी टोपी घालून आले आणि अगदी मागच्या बाकावर बसले. मी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. ते कोण, हे मी कुणाला सांगितलं नाही.

स्पर्धा चुरशीची झाली. शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि राहिलेला एक प्रश्न आमच्या वाट्याला आला. सरांनी वहीतून वाचला, “आपल्याकडच्या टसर रेशमाच्या पातळाला करवतीच्या दातांसारखा काठ असतो. ते दात कसे काढत?”

तो काठ आमच्या घरात विणला जात होता. आडवा धागा नेणारे तीन धोटे असतात; एक पातळाच्या अंगाचा, दोन दोन काठांचे. बाबा माग चालवत आणि आई त्यांच्या शेजारी बसून काठाचा एक धोटा फेकायची. काठाचा धागा आणि अंगाचा धागा फेरागणिक एकमेकांत अडकवायचा, तेव्हा कुठं एक दात उभा राहतो. हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं. पण सरांचा आधार कोणता तेही मला ठाऊक होतं. ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात तो काठ सुईनं भरतात असं लिहिलेलं होतं. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : तुला कसं माहीत?

मी उठले आणि म्हणाले, “विणून झाल्यावर सुईनं भरतकाम करत.”

“बरोबर,” सर म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर बाबांनीही वाजवल्या, जरा उशिरा.

परत येताना ते पुलावर थांबले. मग म्हणाले, “पुस्तकात तसंच हाये का?”

“हो.”

“मंग बरोबर हाये. लिवणाऱ्यानं माग पाह्यला नसन.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी आई दारातच उभी होती. “जिंकली पोरगी,” बाबा तिला म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. आईनं मला जवळ ओढलं. शेवटचा प्रश्न कोणता होता, सांग म्हणाली. खोटं सांगावं असं मनात आलं, पण जमलं नाही. उत्तरासकट सगळं सांगितलं.

“सुईनं?” आई हसली. तिला ती गंमत वाटली. “मंग मी इतके वर्षं धोटा कायले फेकून राहिली?” माझ्या तोंडाकडे पाहून तिचं हसू थांबलं. आत जाऊन तिनं माझं ताट वाढलं. भाकरीवर रोजच्यापेक्षा जास्त तूप होतं. ते खाताना मला रडू आवरेना.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. “सर, शेवटचं उत्तर चूक आहे.”

“पुस्तकात आहे ते.”

“पुस्तकच चुकलंय. माझे आईवडील तोच काठ विणतात.”

सरांनी चष्मा काढला. “मग तेव्हा का नाही सांगितलंस?”

मी पायांकडे पाहत उभी राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चष्मा पुन्हा घालत म्हणाले, “रविवारी मी तुमच्या घरी आलो तर चालेल का? बाबांना विचारून सांग.”

ते आले, वही घेऊनच. बाबांनी चटई टाकली, पण सर चटईवर न बसता मागाजवळ उकिडवे बसले. आई-बाबांनी दोन बोटं काठ विणून दाखवला. मग बाबांनी सरांना आपल्या जागेवर बसवलं. सरांचा धोटा अर्ध्यात अडकला, धागा तुटला. “तुटू द्या गुरुजी, जोडता येते,” म्हणत बाबांनी तो बोटांनी सांधला. सर बराच वेळ कापडात तो जोड शोधत राहिले. त्यांना तो सापडत नव्हता.

मग त्यांनी वही उघडली, जुनं उत्तर खोडलं आणि नवं लिहिलं. ‘आधार’च्या रकान्याशी त्यांचा हात थांबला. “इथं काय लिहू?” त्यांनी बाबांना विचारलं.

“माह्या बायकोले विचारा. तिचाच हात हाये त्यात.”

सरांनी लिहिलं : ‘विणकर पती-पत्नी. त्यांच्या घरी समक्ष पाहिले.’

पुढच्या शनिवारी मंडळात त्यांनी ते वाचून दाखवलं. कुणाचं घर ते सांगितलं नव्हतं. मी उठून म्हणाले, “आमच्या.” चुकलेल्या उत्तराचा गुण नियमाप्रमाणे दुसऱ्या संघाला मिळाला आणि बक्षिसाची पुस्तकंही त्यांच्याकडे गेली. माझ्या संघातली मैत्रीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस पुलावर गाठून म्हणाली, तिला तो माग पाहायचाय.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. सर निघायला उठले तेव्हा आई म्हणाली, “लिवलं ते वाचा ना एकदा.” तिला वाचता येत नव्हतं. सरांनी सावकाश, शब्द तोडून वाचलं : बायको शेजारी बसून एका काठाचा धोटा फेकते.

“एका नाही,” आई म्हणाली. “उजव्या काठाचा.”

सर पुन्हा खाली बसले आणि त्यांनी तेवढा शब्द दुरुस्त केला.