करदोड्याचं मोकळं टोक

आमच्याकडे बारशाला बाळाच्या कमरेला काळा करदोडा बांधतात आणि त्याचं चार बोटं टोक मोकळं सोडतात. पोर भरलं की गाठ सोडायची, थोडा दोरा द्यायचा, पुन्हा बांधायची. माझ्या मुलाचं ते टोक तो तीन वर्षांचा झाला तरी तसंच लोंबत होतं. का, ते मला ठाऊक होतं. बायकोला नव्हतं.

सौंदडच्या अलीकडे आमच्या धानाच्या बांध्या. पोराला चौथा महिना लागला आणि धान लावायचा रोवणा आला. रोपं जून व्हायला थांबत नाहीत. नेमका त्याच वेळी माझ्या पायाला नारू झाला. चिखलात पाय घालणं दूरच, उठवतही नव्हतं. म्हणून बायको शेतातल्या बांधीत आणि मी खाटेवर, शेजारी पोराचा पाळणा. आईला डोळ्यांनी कमी दिसे. पोर भुकेनं रडू लागलं की घर अंगावर येई.

आई म्हणाली, "अफू दे थोडीशी. तुले बी देल्ली होती. मेला का तू?"

ठेक्याच्या दुकानातून अफूची डबी आली. मोहरीएवढी गोळी, दुधात उगाळून. पोर दिवसभर झोपू लागलं. शेजारीण डोकावून म्हणाली, "माहा पोट्टा त गाव डोक्यावर घेते वो बाई. तुमचा मुका त नाही ना?" आम्ही हसलो. गुणाचा आहे, म्हणालो.

रोवणा संपला तसं बायकोनं सांगितलं, "आता बंद करा जी. पोट्टा चोखतच नाही बराबर. नुसता झोपून रायते." तिनं डबी माझ्या हातात दिली. फेकून द्या, म्हणाली. मी ती काठीच्या टोकानं आढ्याच्या फटीत सारली.

मग निंदण लागलं, ती पुन्हा शेतावर. पहिल्या दिवशी पोराचं रडणं मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी काठीनं डबी पाडली. पाय बरा झाला तेव्हा थांबायचं होतं. थांबलो नाही. घरात शांतता असण्याची चटक लागली होती, दुसरं काही नाही. गोळी मोहरीची ज्वारीएवढी झाली.

तिन्हीसांजेला ती यायची, चोळी दुधानं ओली. पोराला उचलून छातीशी धरायची, त्याचे गाल हलवायची. ते दोन घोट घेऊन मान टाकायचं. धान कापणीला येईपर्यंत तिचं दूध आटलं. मग पोराला पेजेवरचं पाणी. खालचा भात आम्हाला लागे.

आई टोचून बोले, "म्हशीवानी खातेस, अन् दूध जाते कुठी?" खरं तर बायको सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलं तर. एका रात्री ती मला म्हणाली, "माह्याच अंगात कमी आहे जी." मी कूस बदलली. देवीला नवस म्हणून तिनं मंगळवारचे उपास धरले, म्हणजे आणखी कमी खाऊ लागली. नवसाचा नारळ मीच नेऊन फोडला.

दोन वर्षांनी डबी बंद झाली. पश्चात्तापानं नाही. तोवर त्यानं रडणंच सोडलं होतं.

तिसऱ्या दिवाळीला अंघोळ घालताना तिनं करदोड्यात बोट घातलं. बोट सहज आत गेलं. दुसरं घातलं, तेही गेलं. तिनं गाठीला हात न लावता पोराच्या अंगावर पाणी ओतलं.

आज तो वीस वर्षांचा आहे. माझ्या कोपराला लागतो. नांगराची मूठ त्याच्या छातीशी येते. सोयरीक घेऊन कुणी येत नाही. गेल्या आखाडात त्याची आई गेली. शेवटच्या दिवसांत एकच बोलायची, "माह्या दुधानं त्याचं वाटोळं केलं." मी तिच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होतो. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. चमचा भरत राहिलो.

तेरवी झाल्यावर गोठ्यात त्याला सगळं सांगितलं. डबी, आढ्याची फट, सगळं. तो दावं वळत होता. हात थांबले नाहीत.

"आईले मालूम होतं?"

"नाही."

त्यानं दाव्याला शेवटची गाठ मारली. मग म्हणाला, "तिले त सांगाचं होतं न जी, बाबा."

स्वतःबद्दल त्यानं काहीच विचारलं नाही. मला वाटलं, शिव्या देईल. त्या मी घेतल्या असत्या.

तो उठून बैलांना चारा टाकायला गेला. गव्हाण उंच आहे, म्हणून तिथे त्याच्यासाठी मी कधीचा एक ओंडका ठेवला आहे. त्या दिवशी त्यानं तो पायानं बाजूला लोटला आणि टाचा उंचावून चारा टाकत राहिला. निम्मा खाली सांडला.

ओंडका अजून तिथंच आडवा पडला आहे. त्यावर तो चढत नाही, आणि मला तो उचलवत नाही.