मामांचा राखून ठेवलेला निकाल

माझ्या मामांइतका हट्टी माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलात सापडायचा नाही. वाघसुद्धा कधीतरी वाट बदलतो. मामा आधी सरकारी वकील होते. आमच्याकडे जेवायला बसले की उलटतपासणी सुरू. "ताई, मासोळी ताजी हाय हे तुले कोनं सांगतलं? विकनारीनंच ना?" आई म्हणायची, "खाचं असन तं खा, नाई तं ऊठ!" की मामा मुकाट्यानं आणखी भात मागायचे.

मग ते न्यायाधीश झाले आणि बोलणंच आटलं. भाजी खारट झाली का, एवढं विचारलं तरी "निकाल राखून ठेवला" म्हणत हात धुवायला उठायचे. बढत्या घेत घेत आमच्याच जिल्ह्याच्या कोर्टात आले, तेव्हा तर लग्न, बारसं, तेरवी, सगळं बंद. पंगतीत शेजारी पक्षकार बसला तर? वैताग नुसता!

नेमकं तेव्हाच वडसा गावच्या मुलाशी माझं लग्न ठरलं. मुलाच्या काकांचा जमिनीचा खटला मामांच्याच कोर्टात! लग्नात नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि मला सख्खा मामा एकच. फोनवर म्हणाले, "खटला दुसरीकडं पाठवाले लिवलं, पन अजून माह्याच कोर्टात हाय. मी मांडवात दिसलो तं समोरच्या पार्टीनं काय समजाचं?" मी रडले. आईनं सख्ख्या भावाच्या नावानं बोटं मोडली.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरची मंडळी मांडवावर जांभळाच्या डहाळ्या टाकत होती. भर दुपारी मामा हजर, काखेत स्वतःचा पाट. "वऱ्हाड उद्या येनार ना? आज मांडव रिकामाच हाय. उभी राय, पोरी." मी जुन्या साडीतच पाटावर उभी राहिले. ना भटजी, ना अंतरपाट. समोर शिडीवर चढलेला चुलतभाऊ तेवढा. मामांनी मागे उभं राहून मंगलाष्टकं स्वतःच म्हटली, साक्षीदाराला दरडावावं तशा आवाजात. आई हसता हसता डोळे पुसत होती.

"मामा, मुलगा कसा वाटला तुमाले?" मी विचारलं.

"निकाल राखून ठेवला," म्हणाले आणि पाट काखेत मारून निघाले. दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीशी आईचे चुलतभाऊ उभे होते.

आता मामा निवृत्त झालेत, जरा वाकलेत. माझी लेक लग्नाला आली. परवा मामांनी आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलावलं. मला नुसता ठसका लागला, तर माझा नवरा हातातला घास ठेवून पाणी आणायला धावला. मामा बघत राहिले. हात धुवून आले आणि तोच ओला हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

"निकालाले लय उशीर झाला, पोरी," ते म्हणाले. "मुलगा चांगला हाय."