बाहुल्यांच्या पायऱ्यांवरचा भूकंप

भूकंपाला तोंड द्यायची इतकी जय्यत तयारी असलेला माणूस अख्ख्या म्हैसुरात माझ्या मावशीच्या यजमानांखेरीज दुसरा झाला नाही. काकांचं कामच ते, जुने विमानतळ भूकंपात टिकतील असे मजबूत करायचे. म्हैसूरची जमीन हललेली कुणाला आठवत नव्हती, पण त्यानं काकांचं समाधान होत नसे. लग्नात सगळे नवरीकडे बघत, काका छताकडे. मेटगळ्ळीच्या एका लग्नात मी विचारलं, "नवरामुलगा कसा वाटला?" म्हणाले, "खांब बारीक आहेत. मुलगा बरा आहे." जेवताना ताकाच्या भांड्यात जरा लाट उठली की यांचा घास हातातच. मग मावशी ओरडे, "सुम्नीर्री, गप बसा हो! लॉरी गेली ती, लॉरी! जेवा."

त्या वर्षी त्यांचा जीव दूरच्या डोंगराळ भागातल्या एका जुन्या विमानतळात अडकला होता, त्यातही विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या मनोऱ्यात. "भूकंपात रस्ते जातात, पूल जातात. औषधं विमानानंच येणार ना? आणि मनोराच आडवा झाला तर?" हे ते मला सांगत, दूधवाल्यालाही सांगत. त्यांच्या साहेबांना मात्र तिथं नुसता रंग द्यायचा होता. तेच साहेब दसऱ्याला म्हैसुरात आले आणि सपत्नीक आमच्या नवरात्रातल्या बाहुल्या बघायला येणार म्हटल्यावर काकांना उत्साहाचं भरतं आलं.

तिकडं नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. मावशीच्या पायऱ्यांवर सगळ्यांत वर तिला लग्नात माहेरून मिळालेले लाकडी राजा-राणी. फराळ, हळदीकुंकू, बसायची सोय, सगळं मी चोख लावलं होतं. खालच्या पायरीवर उभे राहिलेले पुठ्ठ्याचे दोन मनोरे तेवढे माझ्या नजरेतून सुटले. एक साधा, दुसऱ्याला आधाराला उदबत्तीच्या काड्यांच्या फुलीसारख्या तिरप्या कैच्या. साहेबांनी चकली मोडली मात्र, काका ओरडले, "सर, आता बघा!" आणि पायऱ्या धरून गदागदा हलवल्या.

साधा मनोरा कोसळला. कैच्यांचा ताठ उभा! काका टाळ्या पिटू लागले. तेवढ्यात वरून राजा आला, त्याच्यामागे हत्ती, वाणी, वाण्याचं दुकान. राजाचा हात निखळला. मावशी तो हात शोधायला पायऱ्यांखाली वाकली.

साहेबांनी राजाला उचललं. "मनोरा उभा आहे हो," ते कानडीत म्हणाले, "पण आतली माणसं?"

काकांचा चेहरा उतरला. भिंती-खांबांच्या नादात आतली कपाटं, दिवे, छताच्या पट्ट्या जखडायचं त्यांच्या आराखड्यात राहूनच गेलं होतं. पण क्षणभरच. लगेच उसळले, "तेही करू सर! खुर्चीसुद्धा हलणार नाही! फक्त हो म्हणा!"

"म्हणतो," साहेब म्हणाले, "पण आधी यांच्या राजाचा हात बसवा."

मनोऱ्याचं काम झालं. पुढं काका गेले. त्यानंतर एकदा माझ्या मुलीकडे जाताना मी आणि मावशी त्याच विमानतळावर उतरलो. मी मनोरा दाखवला. मावशीनं नुसतं वर पाहिलं. मग आत आल्यावर ती एका उंच लोखंडी कपाटाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते चांगलं जोर लावून ढकललं. कपाट जागचं हललं नाही.

"बांधलंय हो यांनी," ती म्हणाली, आणि पदरानं चष्मा पुसत तिथंच उभी राहिली. गाडी बाहेर थांबली होती, पण मी घाई केली नाही.